आप्पा रोज हुडकतात

सोलापूर स्टँडवर सांगोल्याची बस लागायची होती. वैजयंतीच्या शेजारी घोंगड्या विणणारे म्हातारे आप्पा आणि त्यांची लेक बसले होते. वैजयंतीने पेपर उघडला, पण कान तिकडेच.

“आप्पा, माग का बंद केला?” लेकीने विचारलं.

“तुजं मोबाईलवरचं दुकान उठलं की. रोज हुडकतो, घावत न्हाय.”

“काय लिहून हुडकता?”

“गोंगडं.”

“आणि मी सगळीकडं घोंगडी लिहिलंय.”

“माजंच चुकलं मग. चौथी शिकल्याला मी.”

“चुकलं माझं. गिऱ्हाइकं पण बोलतात तसंच लिहिणार की. गोंगडं, घोंगडं, इंग्रजीतनं तर पाच तऱ्हा. सगळ्या घालते, पहिलं तुमचं. चार दिवसांनी बघा, घावंल. पण मला विचारायचं तरी!”

“तुला वाईट वाटंल म्हनून गप बसलो.”

“चार महिन्यांत एक ऑर्डर आली नाही, आप्पा. मी पण बोलले नाही.”

“का गं?”

“तुम्ही माग बंद कराल म्हणून.”

आप्पा काठी टेकत उठले.

“कुटं निघालाय? बस येईल.”

“मंडईत. गोंगड्याच्या खळीला चिंचोकं लागत्याल. घरातलं संपल्यात.”