मापाच्या वर अर्धा चमचा

ताई, माझं नाव कौसाबाई. गाव जालन्याकडचं, नाव सांगितलं तरी तुमाला ठावं असायचं न्हाई एवढंसं गाव, आन आता कळंबोलीत येऊन मला अठ्ठावीस वर्षं झाली. मालक लोखंडाच्या बाजारात माथाडी व्हते, ट्रकमधून सळया उतरवायच्या आन चढवायच्या, आन म्या तिथंच मागच्या गाळ्यात खानावळ टाकली. पैल्यांदा एक स्टो आन एक परात, बाकी काय न्हाई. आता मालकांची कंबर गेली, ते खुर्चीत बसून लसूण सोलून देतात, भाकरीला दोन बाया हायत, आन गाळ्याच्या वरच्या दोन खोल्यांत आमी राहतो. तुमी मनला ना सगळं सांगा, मी लिहून घेते, तर सगळं सांगते, पण जरा इकडं तिकडं जाईन, मला सरळ बोलता येत न्हाई.

माझं गिऱ्हाईक म्हंजे ट्रक आन ट्रेलरवाले. ह्या माणसाला एकदा घाट लागला की पुढचं जेवण कवा मिळंल सांगता येत न्हाई, म्हणून त्याला जड जेवण लागतं, दिसभर पोटाला धरून राहील असं. माझं पिठलं भाकरीवर ठेवलं की जागचं हलत न्हाई. वरणात पाणी दिसलं की ड्रायव्हर उद्या शेजारच्या गाळ्यावर, एवढं साधं हाय ते. म्हणून माझ्या हाताला सवयच लागली, काय बी असू द्या, माप घेतलं की त्याच्या वर मूठभर आणखी. पाव्हणं आलं तरी तसंच, घरचं असलं तरी तसंच. लोक मनायचे, कौसाबाईच्या हातचं खाल्लं की भूक इसरते. मला लई अभिमान व्हता त्याचा, खोटं कशाला बोलू.

माझा एकच पोरगा, ट्रेलर चालवतो, जासईकडच्या यार्डातून कंटेनर घेऊन जातो, आठ-आठ दिस घरी न्हाई. सून प्रज्ञा. शिकलेली हाय, द्रोणागिरीला गोडाऊनमधी कंप्यूटरवर मालाच्या नोंदी करती. मला आत्या म्हणती. कमी बोलती पण कामाला चोख, एक गोष्ट सांगितली की ती तशीच करणार, इकडची तिकडं न्हाई. तिला सातवा सरला आन एक दिस कामावरच पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत पाणी गेलं. लेकरू दोन महिने आधी झालं, मुलगी, वजन दीड किलोला जरा कमी. काय सांगू तुमाला, म्या खानावळीत त्याच्यापेक्षा मोठं वांगं बघितलंय. काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला वायर. महिनाभर प्रज्ञा त्या पेटीजवळ बसली, दूध काढून द्यायची, आन लेकराच्या तळपायाला एक बोट लावून बसायची. तेवढंच लावायची परवानगी व्हती.

घरी आणलं तवा आमी बुद्धवंदना घेतली, नाव ठेवलं मैत्री. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हिची वयं दोन. एक जल्मल्यापासूनचं, आन एक ज्या तारखेला जल्मायला पाहिजे व्हती तिथून धरलेलं. खायला घालायचं, बसवायचं, ते सगळं दुसऱ्या वयानं बघायचं. म्या मनलं हे काय नवीन, एका लेकराला दोन वयं कशी असतील. पण प्रज्ञानं कॅलेंडरवर दोन रंगानं लिहून ठेवलं, म्हंजे विषय संपला.

सहा महिने झाले तवा सगळे इचारायला लागले, खीर कवा चारता. मी म्हणायची अजून न्हाई, डॉक्टर न्हाई म्हणते. मग बाया लेकराकडं बघायच्या आन माझ्याकडं बघायच्या. एकीनं तोंडावर मनलं, कौसाबाई अख्ख्या बाजाराला खाऊ घालती आन घरच्या नातीची मनगटं बघा. ताई, ते मला लई लागलं. त्या दिशी माझं कशात चित्त लागलं न्हाई, आमटीत मीठ दोनदा टाकलं.

आठवा लागला तवा डॉक्टरीणबाईनं हो मनलं. मैत्रीच्या मामानं पैला घास चारला, खिरीचं बोट लावलं नुसतं, आन तिनं असं तोंड केलं का आमी सगळे हसलो. मग रोज नाचणीचं सत्त्व, एक-दोन चमचे, जरा केळं, बाकी दूध. प्रज्ञाचं दूध कमी पडायचं म्हणून डॉक्टरनं पावडरचं दूध बी लावून दिलं व्हतं, ते वाटी-चमच्यानं पाजायचं. डब्यावर लिहिलंय त्या मापानं, चमचा सुरीनं सपाट करून, आधी पाणी मग पावडर. वर रक्त वाढायला लोखंडाचे थेंब. प्रज्ञानं मला दोनदा करून दाखवलं, सुरी फिरवून. मग तिची सुट्टी संपली, ती कामावर जायला लागली, आन लेकरू दिवसा माझ्या हातात आलं.

आता माझा हात तुमाला सांगितला. म्या चमचा सपाट केला न्हाई. शीग लावली, आन वर अर्धा चमचा आणखी टाकला. मनलं पावडर हाय, दूधच हाय, त्यात वाईट काय असतंय, दोन महिने मागं राहिलेलं लेकरू हाय, जरा लवकर भरंल. सत्त्व बी असं शिजवायची का चमचा उभा राहील. हे प्रज्ञाला सांगितलं न्हाई. तिनं न्हाई मनलं असतं हे मला ठावं व्हतं, म्हणून सांगितलं न्हाई, आता तुमच्यापुढं लपवून काय करू.

पंधरा दिस गेले आन लेकराचं पोट धरलं. पैलं रोज करायची, मग एक दिस आड, मग दोन दिस, तीन दिस. करायची तवा बकरीच्या लेंड्यांवाणी, टणक. कुंथून कुंथून चेहरा लालबुंद, पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, आन रडायची अशी का खाली ड्रायव्हर हातातला घास थांबवून इचारायचे, मावशी, बच्ची को क्या हुआ. प्रज्ञाला वाटलं लोखंडाच्या थेंबानं व्हत असंल. मला वाटलं केळ्यानं. म्या केळं बंद केलं. दूध तसंच चालू ठेवलं, उलट खात न्हाई तर दुधानं तरी पोट भरू दे म्हणून चमच्याला आणखी शीग लावली. बघा आता.

आमची घरमालकीण इथलीच, जुन्या गावातली, मोठी प्रेमळ बाई. ती इड्याचं पान आन एरंडेलाची बाटली घेऊन वर आली. मनली, अगो कौसा, पानाचा देठ तेलान बुडव नि खालून लाव जरासा, लगेच मोकली व्हईल, आमची समदी पोरा अशीच वाढलीन. आन खरं सांगते, माझ्या पोराला बी माझ्या सासूनं तसंच केलं व्हतं. म्या देठ तोडला, तेलात बुडवला, लेकराचा लंगोट सोडला, तेवढ्यात प्रज्ञा कामावरनं आली. तिनं आवाज चढवला न्हाई. नुसतं माझं मनगट धरलं आन मनली, आत्या, हिला आतापर्यंत लई नळ्या घातल्या, आता काय घालायचं न्हाई. आन लंगोट उचलला तर त्यावर रक्ताची बारीक रेघ, त्या आधीच्याच लेंडीची. तिनं लेकराला उचलून उराशी घेतलं. घरमालकीण पान तसंच ठेवून खाली गेली.

तशाच आमी रिक्षात बसलो, संध्याकाळचा दवाखाना उघडाच व्हता. डॉक्टरीणबाईनं लेकराला झोपवून पोट चाचपलं, खालून बघितलं, मनली रक्त घाबरण्यासारखं न्हाई, टणक शी बाहेर येताना कातडी जरा चिरली. मग इचारलं खायला काय, किती. प्रज्ञानं घडाघडा सांगितलं. दूध कसं बनवता. प्रज्ञा मनली, सपाट चमचा, डब्यावरच्या मापानं, पाणी आधी. डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं, दिवसा कोण बनवतं. प्रज्ञाच मनली, आत्या बनवतात, मी शिकवलंय त्यांना. मी लेकराचं टोपडं सारखं करत बसले.

मग डॉक्टरीणबाई जरा इचार करून मनली, सगळं मापात असून इतका त्रास व्हत असंल तर आपल्याला आतडं तपासायला लागंल, आधी जल्मलेलं लेकरू हाय, आपण चान्स न्हाई घ्यायचा, मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देते, दोन दिस ठेवून घेतील, फोटो काढतील, रक्त घेतील. ताई, प्रज्ञा रडली न्हाई. तिनं लेकराचा तळपाय धरला, एक बोट लावून. तशीच, पेटीजवळ बसायची तशी.

ते म्या बघितलं आन माझ्यानं राहवलं न्हाई. चिठ्ठी लिहायला बाईनं पेन उचललं व्हतं. म्या मनलं, डॉक्टरीणबाई, थांबा, दूध मापात न्हाई. मी शीग लावते. वर अर्धा चमचा टाकते, कवा एक बी. महिना व्हत आला. हिला ठावं न्हाई, हिची काय चूक न्हाई.

तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ही माझी खरडपट्टी काढती, बाहेर माणसं बसलीत, सगळ्यांना ऐकू जाईल. पण तिनं खुर्ची पुढं ओढली आन मला समजावलं, एवढ्या पावडरीला विरघळायला पाणी लागतं, तुमी दिलं न्हाई तर ती ते लेकराच्या अंगातनं घेती, मग शी वाळती, आन हिच्या किडन्या केवढ्या, त्यांच्यावर बी ताण येतो. घट्ट बी करायचं न्हाई, पातळ बी करायचं न्हाई, जेवढं लिहिलं तेवढंच. तिनं पुन्हा पोट चाचपलं, लघवी किती वेळा व्हती इचारलं, टाळू बघितली, आन मनली, चिठ्ठी आज देत न्हाई, तीन दिस बघू. सत्त्व पातळ करा, चमच्यावरनं ओघळलं पाहिजे. काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजवून कुस्करा, गाळून, एक-दोन चमचे. पिकलेली पपई नायतर नाशपाती मऊ करून. खाण्याबरोबर दोन घोट उकळून गार केलेलं पाणी. पाय सायकल चालवल्यागत हलवा, पोटावरनं हात गोल फिरवा. लोखंडाचे थेंब बंद करायचे न्हाईत. एरंडेल न्हाई, देठ न्हाई, साबण न्हाई, मध तर बिलकूल न्हाई. आन उलटी झाली, पोट फुगून कडक झालं, नायतर प्यायचं सोडलं तर तीन दिसाची वाट बघायची न्हाई, उठून यायचं.

रिक्षात प्रज्ञा लेकराला मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली. घरी आली, दुधाच्या पावडरचा डबा उचलून कपाटात ठेवला. तीन दिस तिनं रजा टाकली आन दूध स्वतः बनवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मालकांना सगळं सांगितलं तर ते लसूण सोलता सोलता एवढंच मनले, तुझा हात मी तीस वर्षं खातोय, मला मोठं पोट हाय. मला फक्त मनुका कुस्करायला आन पाय हलवायला मिळायचं, तेवढं मी मन लावून करायची. लेकराचे दोन पाय धरायचे, एक पुढं एक मागं, आन ती माझ्याकडं बघून हसायची. तिला काय ठावं.

पैला दिस काय न्हाई. दुसऱ्या दिशी जराशी केली, टणकच, पण रक्त न्हाई. तिसऱ्या दिशी दुपारची येळ, खाली सगळी बाकडी भरलेली, मी आमटी वाढत व्हते, आन वरनं हाक आली, आत्या, वर या. पळी तशीच हातात, जिना चढून गेले, तर प्रज्ञा मांडी घालून बसलेली, तिच्या कपड्याला, चादरीला, लेकराच्या पाठीपर्यंत सगळं माखलेलं, पिवळं, मऊ. आन त्या दोघी मायलेकी हसत व्हत्या. प्रज्ञा मनली, बघा ना आत्या. मी खाली बसले आन रडले, पळी मांडीवर, लुगड्याला आमटी. खालनं एक ड्रायव्हर ओरडला, मावशी, काय झालं, आन मालकांनी खालूनच सांगून टाकलं, पोरगीनं शी केली. जेवणाच्या टायमाला, ताई. पण एकानं नाक मुरडलं न्हाई. सगळे हसले, इतके दिस तिचं रडणं त्यांनी बी ऐकलं व्हतं. त्या दिशी म्या सगळ्यांना गूळ वाढला.

मोठ्या दवाखान्यात जायची पाळी आली न्हाई. डॉक्टरीणबाईनं पुन्हा तपासून ठीक हाय मनलं. मग प्रज्ञाची रजा संपत आली आन मला धास्ती लागली. तिची माय उल्हासनगरला राहती, मला वाटलं आता लेकरू तिकडं जाणार, नायतर पाळणाघरात. इचारायची हिंमत न्हाई. सोमवारी सकाळी ती तयार झाली, चप्पल घातली, कपाटातनं डबा काढला आन माझ्या हातात दिला. सुरी दिली न्हाई, चमचा पुन्हा शिकवला न्हाई. मीच मनलं, प्रज्ञा, तुला माझी भीती न्हाई वाटत का गं. ती मनली, आत्या, त्या दिशी डॉक्टरपुढं तुमी गप बसला असता ना, तर वाटली असती.

आन गेली कामावर, तिची बस चुकायला लागली व्हती.

आता मैत्रीला अकरावा चालू हाय, कॅलेंडरच्या दुसऱ्या रंगानं नववा. टेकू न लावता बसती. बाया अजून मनगटं बघतात, बघू द्या. खानावळीत माझा हात तोच हाय, तो काय आता बदलायचा न्हाई, घरात मात्र मी माप सपाट करते. तुमी लिहून घेताय तर एवढं लिवा, सगळ्यांच्या घरची लेकरं सुखानं खाऊ द्यात, सुखानं मोकळी होऊ द्यात, आन माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना चुकलं तर येळेवर तोंड उघडायची बुद्धी व्हऊ दे. दुसरं काय मागू मी.