टेरिलिनची वात

"हे पाणीखातं म्हणजे शुद्ध चोर आहे! ऐन वसंतात नळ बंद ठेवतं आणि वर तक्रारीची खिडकीही बंद." रांगेत शिंपीकाका कडाडले, तशी मागची शेजारीण म्हणाली,

"पण काका, तुम्ही तर आपोआप पाणी पिणाऱ्या कुंड्या केल्या होत्या ना?"

"केल्या की! खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत माती आणि मधून कापडाची वात. वातीनं पाणी वर ओढायचं. बायको गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आणि तिची टोमॅटोची रोपं माझ्या गळ्यात पडली."

"मग बिघडलं कुठं?"

"वात कुजू नये म्हणून मी चांगल्या टेरिलिनची शिवली. दुहेरी शिलाई घालून!"

"अहो, टेरिलिन कुठं पाणी ओढतं?"

"जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, की घाम टिपायला सुतीच घ्या! माझी अक्कल दुकानातच कुलूपबंद राहिली. खाली पाणी डुचमळतंय आणि वर रोपांनी माना टाकल्यात."

"मग आता सुती वात लावा."

"लावली. पण खालचं पाणी आधीच रागाच्या भरात मोरीत ओतून बसलो होतो."

"अगं बाई! आणि काकू कधी येणार?"

"उद्या. आल्या आल्या आधी रोपं बघेल, मग मला."

तेवढ्यात खिडकी उघडली. काकांनी आत डोकं घातलं आणि कारकुनाला म्हणाले,

"साहेब, पाणी मोरीत ओतलं ते मी, आणि नळ कोरडा ठेवला तो तुम्ही. माझा गाढवपणा मी अख्ख्या रांगेसमोर कबूल केलाय. आता तुमचं बोला. आज पाणी सोडणार, हो की नाही?"