एक ओळ आणि एक जाळी

...नाही, तुम्हीच सांगा, माणसाच्या तोंडून हवा निघणं हा काय गुन्हा आहे? श्वास घेतला की सोडणारच ना! पण नाही! तुम्हाला सांगते, गेला आठवडाभर आमच्या घरात माझ्या तोंडच्या हवेवर जेवढी चर्चा झाली ना, तेवढी हवामान खात्यातही होत नसेल. आणि मला काय हवं होतं? मला फक्त एक ओळ गायची होती हो!

झालं असं, आमचं बायकांचं एक गानमंडळ आहे. त्यात मी इतकी वर्षं मागच्या रांगेत. पुढच्या गातात, आम्ही मागच्या नुसतं 'आऽऽ' करतो, दातांच्या डॉक्टरकडे करतात तसं. तर यंदा मंडळाच्या बाईंनी स्वतः गाणं रचलं आणि मला म्हणाल्या, "अगं, ही मधली ओळ तू एकटीनं गा." एकटीनं! मी इतकी हरखले की बस समोर उभी असताना घरी चालत आले. प्रत्येकीनं आपापल्या घरी रेकॉर्ड करून पाठवायचं आणि बाई ते जोडणार. लेकीचा माइक घरात होताच. म्हटलं, त्यात काय!

तर ओळ काय? 'पुन्हा फुटो पालवी, पुन्हा भरो पाणी'! अहो, ओठ आपटल्याशिवाय एक शब्द निघेल तर शपथ! तुम्ही आत्ता तोंडापुढे तळहात धरा आणि 'प' म्हणा. धरा हो, लाजताय काय! लागली ना झुळूक? ती झुळूक माइकला थोबाडीत बसते. मी गाऊन पाठवलं, तर बाईंचा लगेच फोन. "अगं, तुझ्या पहिल्या 'पुन्हा'लाच आमचं मांजर कपाटावर चढलं. माइकपुढे ती गोल जाळी लाव, पॉप फिल्टर. रविवारपर्यंत नीट झालं नाही तर मात्र ओळ तिला द्यावी लागेल हं."

तिला म्हणजे कोणाला? पहिल्या रांगेत एक आहे. आम्ही मागच्या तिला 'मधाची बाटली' म्हणतो. गोऽड बोलणार आणि सगळीकडे चिकटणार. आधीच तिच्या दोन ओळी आहेत, आता माझीही? ते काही नाही! तडक गेले दुकानात.

दुकानदार म्हणतो, "कापडी देऊ की धातूची? एकपदरी की दुपदरी?" म्हटलं, "तुम्हीच सांगा." तर तो गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "मॅडम, हवा साधारण किती सुटते?" आता काय सांगायचं परक्या माणसाला? मागे रांग उभी! म्हटलं, "बेताची." आणि पहिली हाताला लागली ती कापडी जाळी घेऊन पळाले.

तर त्या जाळीला एक लांब वाकडी मान. ती मान टेबलाला आवळायची, जाळी तोंडापुढे आणायची. आणली. मी सूर लावला... आणि जाळी हळूऽऽहळू खाली गेली. पुन्हा वर केली, पुन्हा सूर लावला, पुन्हा खाली! लाजल्यासारखी हो! नुसती बोलले तर ताठ उभी. गायले की मान खाली! लेक म्हणाली, "आई, स्क्रू ढिला आहे." मी म्हटलं, "कुणाचा ते स्पष्ट बोल!"

मग ती बदलून धातूची आणली. तीत 'प' अडला, पण जाळीच किणकिणायला लागली. ती परत केली. मग माइकवर चढवायची स्पंजची टोपी आणली. तर लेक म्हणते, "आई, उशी तोंडावर दाबून कोणीतरी तुला मारतंय असं वाटतंय." दुकानदार आता मला लांबूनच ओळखतो, दिसले की आत जातो. आणि आमचे हे! हे स्वयंपाकघरातून चहाची गाळणी घेऊन आले. "अगं, जाळी ती जाळी! एवढं काय त्यात?" एवढं काय? माइकवर चहापत्ती पडली, एवढंच! मला फक्त एक ओळ गायची होती हो!

शेवटी दुकानातून पुन्हा तीच कापडी जाळी आणली, दुपदरी करून. ह्यांचे स्वेटर टांगलेल्या कपाटात माइक, कपाटात माझं डोकं, बाहेर माझी पाठ. पंखा बंद, फ्रिज बंद, ह्यांचं खोकणं बंद. लेक हातानं जाळीची मान धरून उभी. आणि गायले! ऐकून बघितलं... 'प' कसा? फुलावर फूल ठेवावं तसा! मी पाठवून दिलं आणि ह्यांना म्हटलं, "आता खोका."

बाईंचा फोन आला. "अगं, काय स्वच्छ 'प' गं!" मी सोफ्यावरच बसले. मग त्या म्हणाल्या, "आणि... तू नेहमी अशीच गातेस का?"

"अशीच म्हणजे?"

"नाही, आजवर मागच्या रांगेत कळलंच नाही, आणि परवा त्या धडाधडीत सूर ऐकूच आला नव्हता. आता आला. 'प' अगदी जागेवर आहे गं. सूर तेवढा शेजारी आहे."

"शेजारी म्हणजे?"

"शेजारी... खाली."

घ्या! म्हणजे ती जाळी बिचारी पहिल्या दिवसापासून मान खाली घालून हेच सांगत होती!

बरं, इथं संपावं ना? नाही! "ओळ तिला देऊ या, आणि तिच्याकडे जाळी नाहीये, तर ती तुझ्याकडेच येईल." आली, मधाची बाटली! माझ्या घरात, माझ्या कपाटात, माझ्या नवऱ्याच्या स्वेटरांत तोंड घालून माझी ओळ गायली! "अय्या, किती छान सोय केलीयस गं!" आणि जाळी कोणी धरली? मी! लेक कॉलेजला गेलेली. हात भरून आला, पण हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही. तिची ओळ संपली आणि माझ्या छातीत कोंडलेला सगळा श्वास एकदम बाहेर पडला... हाऽऽ...

परवा बाईंकडे सगळ्या जमलो, गाणं ऐकायला. माझी... म्हणजे तिची ओळ आली. आणि ओळ संपल्यावर, हाऽऽ... बाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "आहाहा! हा उसासा! काय भाव आहे! आणि बायांनो, बरोबर सुरात! हा मुळीच काढायचा नाही. कुणाचा गं हा?"

मधाची बाटली मान वेळावून म्हणाली, "अय्या, माझाच असेल."

इतकी वर्षं गातेय मी! जन्मात एक गोष्ट सुरात निघाली, तीही तिच्या नावावर! सगळ्याजणी टाळ्या वाजवतायत, शेजारची मला कोपर मारतेय, "अगं, तू का गप्प? बोल की काहीतरी!"

काय बोलू? तोंडच नाही उघडलं. उगाच हवा सुटायची!