नामपूरच्या वेशीवर काढलेला चष्मा

मी, सगुणाबाई कारभारी आहेर, वय ५१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार देवळा, जिल्हा नाशिक. आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून जबाब देते की, नामपूर येथील अपघाताबाबत परवा मी जो जबाब दिला होता त्यातला पिकअपचा भाग खोटा आहे. तो मी स्वतः रचला. मला कोणी शिकवले नव्हते.

माझी मुलगी वैष्णवी हिचे लग्न मागील मार्गशीर्षात नामपूर येथील सुयश सोनवणे यांच्याशी झाले. वैष्णवीला नववीपासून चष्मा आहे. तिला लांबचे दिसत नाही. डॉक्टरांनी चष्मा कायम लावायला सांगितला होता. सारखा लावला तर नंबर वाढेल ना, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, बाई, चष्म्याने नंबर वाढत नाही आणि काढून ठेवल्याने उतरत नाही. मला ते समजले होते. तरी मी तिला गाजरे खायला घातली, तळपायाला तूप चोळले आणि पाहुणे आले की चष्मा शिवणयंत्राच्या खणात टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे माझे म्हणणे. दोन स्थळे चष्म्यावरून परत गेली होती.

पाहण्याच्या कार्यक्रमात विहीणबाई यशोदाबाई यांनी उघड विचारले होते, "पोरीला चष्मा-बिष्मा नाही ना?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी माझ्याच यंत्रावरची सुई वैष्णवीच्या हातात दिली. जवळचे तिला माझ्यापेक्षा चांगले दिसते. तिने एका झटक्यात दोरा ओवला. विहीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, नजर लय तेज आहे पोरीची. मीही हसले. ते हसणे मला आता आठवू नये असे वाटते.

लग्नानंतर चष्मा माझ्याकडेच राहिला. वैष्णवी माहेरी आली की लावायची, जाताना काढून द्यायची. सासरी ती स्कूटी चालवत नसे. डोके दुखते असे तिने फोनवर दोनदा सांगितले. मी म्हणाले, बाम लाव.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, ती देवळ्याला आली होती. परवा तिला सासरी पोचवायला आमच्या स्कूटीवर निघालो. ती चालवत होती, तिच्याकडे लायसन्स आहे. मी मागे बसले होते, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा होता. वाटभर तिने चष्मा लावला होता आणि गाडी अगदी सरळ नेली. नामपूरची वेस आल्यावर मी तिला थांबवले.

ती म्हणाली, "माय, घर येऊ दे, मंग काढसू."

मी म्हणाले, "तुनी सासू दारातच उभी राहस. काढ."

"माले काहीच दिसस नई, माय."

"मी शे ना मागे."

असे आमचे आधीही एकदा झाले होते. तेव्हा मी मागून खड्डा, गाय, उजवीकडे घे, असे सांगत गेले होते. या वेळी मात्र सांगितले नाही, कारण मी खाली बघत होते. चष्म्याला ओरखडा पडू नये म्हणून तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवत होते.

सोनवण्यांच्या गल्लीत कडेला, मालवाहतूक करणारा संतोष याची पिकअप उभी होती. ती कांद्याच्या गोण्यांनी भरलेली होती. इंजिन बंद होते. संतोष मागच्या बाजूला दोर आवळत होता. विहीणबाई स्कूटीचा आवाज ऐकून पुढे आल्या होत्या आणि पिकअपला पाठ करून हात वर करून उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर कांद्याच्या रंगाचे लुगडे होते. वैष्णवीला गोण्या कुठे संपतात आणि सासू कुठे उभी आहे ते कळले नाही. स्कूटी विहीणबाईंच्या अंगावर गेली. सांजोऱ्या रस्त्यावर पडल्या.

संतोषने कांद्याच्या गोण्या तिथेच रस्त्यात उतरवल्या आणि विहीणबाईंना त्याच पिकअपमधून दवाखान्यात नेले. तो आम्हाला एक शब्दही वाकडा बोलला नाही. दवाखान्याच्या पायरीवर जावयांनी विचारले, कसे झाले? पिकअप अचानक मागे आली, तिला चुकवायला वैष्णवीने गाडी वळवली, असे मी म्हणाले. वैष्णवीने माझ्याकडे बघितले. मी तिचा हात दाबला. संतोषला तिथेच लोकांनी मारले. मी बाकावर बसून होते. संध्याकाळी तेच मी इथे लिहून दिले. त्यावरून त्याला ताब्यात घेतले आणि पिकअप इथल्या आवारात लावली. त्याची बायको काल माझ्या दारात येऊन उभी होती. ती भांडली नाही. मी दार लावून घेतले.

विहीणबाईंना नाशिकला हलवले. मांडीचे हाड मोडले आहे, ऑपरेशन झाले. आज सकाळी मी भेटायला गेले. पोलिसांनी विचारले तेव्हा आपल्याला काही आठवत नाही, असे विहीणबाईंनी सांगितले होते. खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "मना मागे गाडीना आवाज उना नई, विहीनबाई. पोरले दिसस ना नीट?"

मागे पिकअप सुरू झाल्याचा आवाजच आला नव्हता, हे त्यांना पक्के आठवत होते. मला त्यांच्याकडे वर बघवले नाही. तिथून बस धरून सरळ इथे आले. वैष्णवीला फोन करून बोलावून घेतले. जावई तिच्यासोबत आले आहेत.

तरी संतोषचा या अपघातात काही दोष नाही. त्याला सोडावे व त्याची पिकअप द्यावी. वैष्णवीने चष्मा माझ्या सांगण्यावरून काढला होता. ती नाही म्हणत होती. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. जावयांचे घर आता काय ठरवेल ते मला माहीत नाही. मला त्याची फार भीती वाटते.

चष्मा पुरावा म्हणून जमा करावा लागेल, कुठे आहे, असे साहेबांनी विचारले. तो आज माझ्या पर्समध्ये नाही. इथे आल्यावर मी तो वैष्णवीला दिला आणि तिने जावयांच्या समोर लावला. बाहेरच्या बाकावर ती बसली आहे, तिच्या डोळ्यांवर आहे. माझी एवढीच विनंती आहे की तो काढून घेऊ नये. मी तो बऱ्याच वेळा काढला आहे.

हा जबाब महिला हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दार लावू का, असे विचारले. मी उघडेच ठेवा म्हणाले. बाहेर बसलेल्यांनीही तो ऐकला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात काही कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करते.

सगुणाबाई कारभारी आहेर