उताऱ्याबाहेरचा माणूस

...आणि गप्प बसायचं म्हणजे किती गप्प बसायचं, ह्याला काय माप हाय का न्हाय? खोकायचं न्हाय. शिंकायचं न्हाय. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्याकडंच बघायचं, आता शिट्टी काय मी वाजवतो व्हय? तुम्हाला सांगतो पावणं, हा वर्धमान चौगुले एकतीस वर्षं गुळाच्या सौद्यात उभा राहिलाय, मार्केट यार्डात भाव पुकारला की पलीकडच्या रस्त्यावरची म्हैस थांबून वळून बघायची, आणि त्याच माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच स्वयंपाकघरात, "तांब्या हळू ठेवा" म्हणून सांगत्यात! का? तर म्हणे तैवानला ऐकू जातंय!

तैवानला! अवो, इचलकरंजीला मेहुण्याला फोन लावला तर हॅलो हॅलो करून घसा सुकतोय, आणि आमचा तांब्या तैवानला ऐकू जातोय!

आता तैवान कुठनं आलं मधीच? तेच सांगतो की. आमची धाकटी पोरगी, आदिती. एम. ए. इंग्लिश. घरात बसून शिकवते, लॅपटॉपवर. तैवानची पाच पोरं, दहा-अकरा वर्षांची, घरात समदी चिनी बोलणारी, त्यांच्याकडनं इंग्रजी शब्द घोकून घ्यायचे आणि उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं. त्यांच्या तिकडं संध्याकाळचे सात वाजले की आपल्याकडं साडेचार, तवा साडेचार ते सात आमच्या घरात कर्फ्यू! आणि त्या पोरांची नावं ऐका. खरी नावं येगळी, पण इंग्रजीसाठी ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं घ्यायचं. एका पोरीनं घेतलंय अ‍ॅपल. एका पोरानं घेतलंय टायगर. टायगर! सहा आठवडे त्या टायगरनं तोंड उघडलं न्हवतं. "टायगर, कॅन यू हिअर मी?" की हा नुसती मान हलवणार. असला वाघ मी राधानगरीच्या जंगलात बी बघितला न्हाय.

बरं, आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं. म्हणजे जेवण त्याच कर्फ्यूत! भात जेवायला आवाज येत न्हाय, कबूल. पण पापड? पापड तोंडात धरून, भिजवून, मऊ करून गिळलाय मी, तुमच्या गळ्याशप्पथ! आमची मंडळी, रत्नाबाई, समोर बसून डोळ्यानं दटावणार. आणि आदितीनं शब्दांची कार्डं केलती पोरांस्नी दाखवायला, त्यातलं एक आणून फ्रीजवर चिकटवलं, खास माझ्यासाठी. 'व्हिस्पर'. मी म्हटलं, ह्याचा अर्थ काय गं? म्हणली, "कुजबुजणे." म्हटलं, असला शब्द आपल्या खानदानात कुणी वापरलाय काय आजवर?

तुम्ही म्हणाल, वर्धमानराव, एवढं का सोसता? अवो, कारण हाय. तीन महिन्यांची ट्रायल व्हती. शेवटाला पोरांची परीक्षा. परीक्षा चांगली गेली तर आदितीची नोकरी पक्की, घरातनंच. न्हाय गेली तर पुण्याच्या कंपनीचं पत्र येऊन पडलंय, एक तारखेला हजर व्हा. आता पुण्याला नावं ठेवत न्हाय मी, पण आमचा थोरला, अभिनंदन, पुण्याला गेला तो गेलाच की! दिवाळीला येतो. चार दिवस. आल्या आल्या विचारतो, "आण्णा, टॉवेल कुठं असतो?" स्वतःच्या घरात टॉवेल विचारणारं एक पोरगं हाय मला, दुसरं नको व्हतं. मला पोरगी घरात पाहिजे व्हती. बास. म्हणून गिळला पापड.

पण एक दिवस... काय झालं, आतनं आदिती उतारा वाचत व्हती, मी दाराआड. असा असा एक बेन. त्याच्या सख्ख्या काकानं बेकरी काढली. उद्घाटन व्हतं. सकाळपास्नं पाऊस, बस काय आली न्हाय, म्हणून बेन गेला न्हाय, घरात पुस्तक वाचत बसला. संपला उतारा! मग आदिती विचारते, "व्हाय डिड बेन नॉट गो?" आणि ती अ‍ॅपल सांगते, "बिकॉज द बस डिड नॉट कम." "व्हेरी गुड!"

व्हेरी गुड? अवो, कशाचं व्हेरी गुड! सख्ख्या काकाच्या दुकानाचा मुहूर्त, आणि बस आली न्हाय म्हणून जायचं न्हाय? रिक्षा न्हवती? बाप न्हाय गेला? बापाचं नाव तर उताऱ्यात कुठंच न्हाय! मी किती दाबलं, तोंडावर पंचा धरला, पण आलंच भाईर... "अगं, बस कसली! भावाभावांत वाजलंय त्यांच्या!"

गेलं तैवानला.

आदिती लालेलाल. "आण्णा! उत्तर उताऱ्यातच असतंय! उताऱ्यात न्हाय ते बोलायचं न्हाय!" पण तिकडनं ती अ‍ॅपल, "टीचर, टीचर, हू इज दॅट? व्हॉट डिड ही से?" आता आदितीला खोटं बोलता येत न्हाय, तिनं सांगितलं, माझे वडील म्हणतायत की बेनचा बाप आणि काका यांचं भांडण असणार. आणि मग, पावणं, सहा आठवडे तोंड न उघडलेला तो टायगर बोलला! "माय फादर अँड माय अंकल ऑल्सो. फॉर लँड."

बांधावरनं! तिकडं बी बांधावरनंच!

तिथनं मग रोजचं झालं. उतारा संपला की पोरं विचारणार, "व्हॉट डज अंकल से?" आदिती दारातनं माझ्याकडं डोळे वटारून बघणार, आणि मी काय, विचारलं तर सांगणार. कोण तरी एक मिस्टर ग्रीन शेजाऱ्याकडं गेला, शेजाऱ्यानं चहा विचारला, हा 'नो, थँक यू' म्हणून घरी आला. का? तर उताऱ्यात लिहिलंय की त्याला गाडी पकडायची व्हती. मी म्हटलं, गाडी गेली खड्ड्यात! एकदा विचारल्यावर कुठला शहाणा माणूस व्हय म्हणतोय? पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा, अहो कशाला. तिसऱ्यांदा, बरं, अर्धा. त्या शेजाऱ्यानं परत विचारलंच न्हाय, मग जाईल न्हाय तर काय करील बिचारा? हे आदितीनं सांगितलं मात्र, ती अ‍ॅपल लॅपटॉपातनं भाईर यायची बाकी! "माय ग्रँडमदर ऑल्सो! शी से नो, नो, नो, देन शी ईट ऑल!" रत्नाबाई बी हसली दाराआड. आदिती तेवढी कपाळाला हात लावून, "आण्णा, उत्तर उताऱ्यातच असतंय ओ..."

आणि आली परीक्षा. उतारा असा, लिलीचा वाढदिवस, केक कापला, आजीला विचारलं, आजी 'नो, थँक यू' म्हणून खिडकीशी बसली. प्रश्न, आजीनं केक का खाल्ला न्हाय? आता उताऱ्यात तिसऱ्याच ओळीत सरळ लिवलंय की आजीची दाढ दुखत व्हती. आणि आमच्या पाचच्या पाच पोरांनी काय लिवलं असंल?

"बिकॉज नोबडी आस्क्ड हर टू टाइम्स."

पाचांनी! एकसारखं! तिकडच्या साहेबाला वाटलं कॉपी झाली. आदितीला ईमेल आला, उद्या बोलायचंय. पोरगी रडली बी न्हाय माझ्यासमोर. कपाट उघडून बॅग काढली, पुसली, आणि दाराला टेकवून ठेवली. एवढंच. मी बघितली ती बॅग आणि तुम्हाला सांगतो, हातातला तांब्या कुणी न सांगता हळू ठेवला. माझ्या जिभेनं माझी पोरगी घराभाईर काढली की मी! रात्रभर तेच.

दुसऱ्या दिवशी मीच जाऊन बसलो लॅपटॉपसमोर. आदिती म्हणली, "आण्णा, तुम्ही नको." म्हटलं, सरक. पलीकडं साहेब, माझ्याच वयाचा, पांढरे केस. फ्रीजवरचं कार्ड आठवलं आणि ठरवलं, आज हळू बोलायचं. एकदम सभ्य, कुजबुजल्यासारखं म्हटलं, "सर, गर्ल गुड." साहेब म्हणला, "पार्डन?" परत म्हटलं, अजून हळू, अजून नम्र. साहेब कान पुढं करून, "लाउडर, प्लीज."

बघा आता! जन्मात एकदा हळू बोललो, तर म्हणतोय लाउडर! मग मी म्हटलं, मागतोयसच तर घे. सौद्यातला आवाज काढला. "सर! गर्ल गुड! फादर बॅड! कट फादर!"

साहेबानं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि हसाय लागला ओ! मग सावकाश बोलला, आदितीनं मला सांगितलं. ते एक उत्तर सोडलं तर बाकी पेपर पोरांनी उत्तम लिवलाय. ही पोरं तीन महिन्यांत जेवढं इंग्रजी बोलली तेवढं कुठल्याच वर्गात कुणी बोललं न्हाय. टायगरच्या आईचं पत्र आलंय, पोरगं जेवताना बापाला इंग्रजीत विचारतंय की तुम्ही काकाशी का बोलत न्हाय. आणि शेवटी हळूच म्हणला, माझी आई बी पहिल्यांदा नकोच म्हणायची.

नोकरी पक्की! बॅग परत कपाटात! मी उठून नाचायच्या बेतात, तर आदिती म्हणली, "थांबा आण्णा, एक अट हाय." कागदावर लिवलं व्हतं. वर्गाच्या वेळी शिक्षिकेचे वडील पंचवीस मीटरच्या आत नकोत. आणि रत्नाबाई काय म्हणाली असंल? "त्या साहेबाला ह्यांचा आवाज कुठं ठाऊक हाय? दोनशे करा!"

टेप लावून मोजलं ओ मायलेकींनी. दोनशे मीटर बरोब्बर हितं येतं, केरबाच्या ह्या चहाच्या गाड्यापाशी, ह्या बाकड्यावर. म्हणून रोज चारला जेवतो, साडेचारला हितं. पोरगी घरात राहावी म्हणून एवढं केलं, राहिली. भाईर मी हाय.

काल आदिती सांगत व्हती, वर्गात अ‍ॅपलनं विचारलं, अंकल कुठं गेले? ही म्हणली, बाहेर. का? ही म्हणली, उत्तर उताऱ्यात शोधा. तर तो टायगर म्हणला, "मेबी नोबडी आस्क्ड हिम टू टाइम्स टू स्टे." दोनदा? अरे बाळा, हितं एकदा बी कोण म्हणलं न्हाय, आण्णा, राहू दे, बसा घरात!

असू दे. सात वाजायला अजून लई वेळ हाय... काय म्हणलात पावणं? चहा? न्हाय न्हाय न्हाय, मला नको, घ्या तुम्ही, खरंच नको...

...बघा! तुम्ही बी एकदाच विचारलं.