हल्या, एक नग

सन १९३८. आमगाव स्टेशनात पार्सलच्या रांगेत माझ्यापुढे बँडवाला उमराव उभा होता, बाबू खिडकीत.

"सामानाचं नाव?"

"हल्या."

"रेडा? जनावराची खिडकी तिकडं."

"जनावर नाही बाबूजी, बाजा होय. पितळेचा. साहेब लोक याले युफोनियम म्हनतेत."

"मग तेच सांग ना. हल्या काऊन म्हनतेस?"

"आमी कॉर्नेटले, त्या बारक्या बाज्याले, मैना म्हनतो. सुरात खाली उतरता उतरता मैना जिथं दमते, तिथून याचा आवाज भरते."

"असं? वाजव बरं."

उमरावनं गाल फुगवून एकच लांब सूर सोडला. स्टेशनामागच्या बोडीच्या पाण्यातून म्हशींनी ओ दिली.

"ऐकलं बाबूजी? आता काय लिवता?"

"थांब, लिहून राहिलो. हल्या, पितळेचा. एक नग."