मूळच्या तीन सीड्या

— नाही गं, ह्या नव्हेत, ह्या गाण्यांच्या. तू बस, शोधायला मी आहे. डबा कुठे आहे ते मी झोपेतही सांगेन, पण सापडला म्हणून लगेच तुझ्या हातात ठेवीन असं थोडंच आहे? नवऱ्यानं पाठवलं ना तुला? स्वतः का नाही आला? गुडघे दुखतात होय — मला बाबांच्या कारखान्यातून घालवलं तेव्हा दार उघडून धरायला कसा टुणकन उठला होता, तेव्हा बरे नव्हते दुखत. 'ताईकडे जुन्या सीड्या असतील, गोड बोलून घेऊन ये' — असंच म्हणाला ना? धाकटा भाऊ आहे माझा, त्याचे पाय मी पाळण्यातच पाहिलेत.

थांब, मधे बोलू नकोस. काय झालंय ते मीच सांगते. भरतकामाच्या मशीनचा तो जुना कॉम्प्युटर रखडायला लागला. म्हणून तुझ्या नवऱ्यानं कपाटातली चकचकीत सीडी काढली, नक्षीच्या प्रोग्रामच्या अपग्रेडची, आणि ती घालायच्या आधी अख्खा कॉम्प्युटर आतून पुसून काढला. काढला ना? नुसती मान हलव. मला माहीतच होतं. त्याची सवयच ती, नवं आणायचं तर जुनं आधी घराबाहेर. सायकल आली तशी तीनचाकी भंगारात, तू आलीस तसं बाबांचं कपाट जिन्याखाली — राग मानू नकोस, तुझा काय दोष. आणि मग ती सीडी म्हणते, मी जुन्यावरच चढते, इथे तर जुनं काहीच दिसत नाही, मूळच्या सीड्या दाखवा. त्या कपाटात नाहीत. कशा असतील, मी जाताना घेऊन आले. आणि आता लपवायचं कशाला — अपग्रेडची मीच पुढे ठेवून आले, अगदी हाताशी, वर 'नवीन' अशी चिठ्ठी चिकटवून. एक ना एक दिवस तो पुसणार आणि अडणार. अडला हरी म्हणतात ना — मी गाढव झाले तरी चालेल, पण पाय धरायला येऊ दे त्याला.

तू तेव्हा नव्हतीस. बाबा गेले, आणि घरातलं रडणं थांबायच्या आत हा मला सगळ्या कामगार बायकांसमोर म्हणाला, 'ताई, तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, आता आराम कर.' मला म्हणाला. बाबा कागदावर वेली काढायचे आणि मी त्या टाका टाका करून कॉम्प्युटरवर चढवायचे, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी पिशवी उचलली, म्हटलं, बाबांच्या वेली तेवढ्या कॉपी करून दे. तर म्हणाला, त्या कारखान्याच्या आहेत. कागद? कागद कुठले उरायला, काढून झाले की बाबा त्यांवर चहाचे कप ठेवायचे.

तर माझी अट ऐक. माफी नको मला, तोंडाची वाफ ती. बाबांच्या वेली आण, पुसायच्या आधी त्यानं बाजूला काढून ठेवल्या असतील त्या, सगळ्या — ती द्राक्षाचीसुद्धा, जिचं एक पान ते मुद्दाम उलटं काढायचे — आणि ह्या तीन सीड्या घेऊन जा. हा बघ डबा. एक ओरखडा सापडतो का बघ. चष्म्याच्या फडक्यानं पुसते मी, दर रविवारी — म्हणजे, अधूनमधून. आठवण झाली की.

काय मघापासून पुटपुटतेयस? बोल ना. वेली काय? मशीनमध्ये आहेत असं वाटलं त्याला? अगं, मशीनला चालू काम तेवढं आठवतं, वीज गेली की तेही जातं. वेली कॉम्प्युटरमध्ये होत्या. ज्याला त्यानं — सगळ्या? दुसरीकडे कुठे ठेवल्या असतील की, कुठेतरी — नाहीत. द्राक्षाचीही नाही.

रडू नकोस. माझ्या घरात तू रडायचं नाही. आणि तो काय करतोय? पुसलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिलाय.

दे इकडे डबा. दे म्हणते ना. ही पहिली — वाकते बघ कशी, मोडायला नको म्हणते — हं. ही दुसरी. आता बसवायचंय काय त्याच्यावर, आणि कशासाठी. ही तिसरी. हात नको घालूस, कापेल, तुकडे मीच भरते पिशवीत. ही पिशवी त्याच्यासमोर ठेव, म्हणावं, ताईनं पाठवलंय. अपग्रेडची सीडी मी पुढे ठेवली होती, चिठ्ठी लावून, ते मात्र — ते नको सांगूस. एवढं ऐक माझं. जा आता.